बर्फाखालचं सरपण

एका डोंगरगावात एक मीठ शिजवणारा राहायचा. त्याची एक बायको, दोन मुलगे, दोन सुना आणि एक लोखंडी कढई. कढई एवढी मोठी की तिच्यात चार शेळ्या आरामात बसाव्यात. घरातली माणसं मोजताना कढईलाही मोजायची त्या घराची रीत होती, कारण सगळ्यांची पोटं तीच भरायची.

आता तुम्ही म्हणाल, डोंगरात मीठ कुठलं? समुद्र तिथून कुठल्या कुठे. तर त्या घरामागं खाऱ्या पाण्याचा एक झरा होता. ते पाणी कढईत ओतायचं, खाली चुलाण पेटवायचं आणि गुऱ्हाळात उसाचा रस आटवतात तसं आटवत बसायचं. पाणी उडून जायचं नि तळाशी पांढरंशुभ्र मीठ उरायचं. खिंडीपलीकडचे धनगर ते न्यायला यायचे. मेंढ्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंना दोन इवल्या पिशव्या, अशी शेदोनशे मेंढ्यांची रांग मीठ घेऊन वर चढायची.

हे काम हिवाळ्याचं. उन्हाळ्यात झऱ्यात वितळलेला बर्फ मिसळायचा, पाणी फिकं पडायचं. थंडीत झरा बारीक व्हायचा, पण असा खारट की जिभेवर थेंब ठरू नये. म्हणून पहिला बर्फ पडला की चुलाण पेटायचं, ते थेट होळीच्या पुनवेला विझायचं. मधे विझू द्यायचं नाही. हा नियम घरचा नव्हता, गावाचा होता. पूर्वी झरा दुसऱ्याच एका घराकडं होता. त्यांनी आळस केला, चुलाण मधेच विझलं, नि सगळं गाव वर्षभर आळणी जेवलं. आळणी जेवलेल्या माणसाचा राग लवकर जात नाही. पंचांनी ठरवून टाकलं, ज्याचं चुलाण पुनवेच्या आत विझेल त्याच्याकडून झरा काढून घ्यायचा नि दुसऱ्याला द्यायचा. असा तो या घराकडं आला होता, नि असाच जाऊही शकत होता.

एवढ्या आगीला लाकूड लागणार. त्या डोंगरावर सगळे देवदार. सरळसोट, सुयांसारख्या पानांचे, दोघांच्या कवेत न मावणारे. तेही हिवाळ्यातच तोडायचे, कारण ओंडका बर्फावरून घसरत खाली येतो, उन्हाळ्यात तोच ओढायला दहा माणसं लागतात. बर्फ कंबरभर असायचा. त्याच्यावर उभं राहायचं, आपल्या गुडघ्याच्या उंचीला करवत लावायची, झाड आडवं करायचं नि घरी यायचं. उन्हाळ्यात बर्फ गेला की खाली काय दिसायचं? माणसाच्या छातीला लागेल एवढा बुडखा. एक नाही, दोन नाही, उतारच्या उतार बुडख्यांनी भरलेले, जसे काही जत्रेला आलेले लोक जेवायला बसलेत नि वाढायला कुणी येत नाही.

त्या बुडख्यांना कुणी हात लावायचं नाही. त्या गावात एक बोलणंच होतं, वरचं चुलीचं, खालचं डोंगराचं.

पणजोबांच्या काळी देवदार दाराशी होते. आजोबांच्या काळी ते डोंगराच्या पहिल्या धारेपलीकडं गेले. आता दोन धारा ओलांडून जावं लागे. पहाटे निघालेली माणसं दिवस कलताना परत यायची, मिशांना बर्फ लागलेला. जवळ म्हणून उरलेले फक्त सात देवदार, झऱ्याच्या बरोबर डोक्यावर. वरून बर्फ घसरला की ते सात जण त्याला अडवायचे, म्हणून झरा बुजत नसे. त्यांच्याकडं कुऱ्हाड घेऊन बघायचीसुद्धा सोय नव्हती.

या घरात धाकटी सून नवी होती. खालच्या खोऱ्यातल्या कातारी घरातली लेक. कातारी म्हणजे लाकूड फिरवून वाट्या, पळ्या, लाटणी करणारे. त्यांच्याकडं लाकूड कमी, म्हणून ढलपीसुद्धा वाया जात नसे. सासरी आली तेव्हा ती अंगणातल्या ढलप्या वेचून टोपलीत भरायला लागली. थोरली जाऊ हसली.

"अगं, इथं लाकडाला तोटा नाही. तुझ्या माहेरी काय लाकडाची भाजी करता का?"

"भाजी नाही करत, अक्का. पण भाजीखाली तेच घालतो," धाकटी म्हणाली, नि वेचत राहिली.

थोरलीला हे उत्तर आवडलं. त्या दिवसापासून दोघींचं जमलं.

एका उन्हाळ्यात धाकटी शेळ्या घेऊन घरामागच्या उतारावर गेली. दमली म्हणून एका बुडख्याला टेकली. उठायला गेली तर पदर चिकटलेला. बघते तर राळ पाझरून मधासारखी गोठलेली. तो बुडखा आजेसासऱ्यांच्या काळचा. तिनं दगडानं वरचं कुजकं लाकूड खरवडलं. बाहेर सगळा भुगा, पण चार बोटं आत गेल्यावर लालबुंद, तेलकट, कठीण लाकूड लागलं. वास असा की नाक उघडावं. तिला वडलांचं बोलणं आठवलं. वडील म्हणायचे, पोरी, झाड सगळा भार बुडावर घेतं, म्हणून सगळ्यात जड नि सगळ्यात तेलाचं लाकूड बुडाशी सापडतं.

तिनं एक काडी काढून आणली नि स्वयंपाकाच्या चुलीला लावली. काडी वातीसारखी जळली. भाकरी भाजून झाली तरी ती जळतच होती.

"आत्याबाई, बघा तरी," ती सासूला म्हणाली.

सासूनं बघितलं, डोळे मोठे केले, नि म्हणाली, "कुठली गं ही?"

"बुडख्याची."

"मग मला काही सांगू नकोस. त्यांना विचार."

तिनं सासऱ्याला काडी दाखवली, बुडखे जाळायचे का विचारलं. म्हातारा रागावला नाही. त्या घरात तो कुणावर रागवायचाच नाही, गप्प बसायचा, आणि ते रागावण्यापेक्षा जड जायचं. तो उठला, काठी घेतली नि सुनेला म्हणाला, "चल, तुला एक जागा दाखवतो."

घरापासून थोड्या अंतरावर डोंगराला एक पांढरट ओरखडा होता. वरपासून खालपर्यंत नुसते दगड, गवताचं पातं नाही.

"इथं माझ्या चुलत आजोबांना शेत करायचं होतं," म्हातारा म्हणाला. "त्यांनी बुडखे खणून काढले. तिसऱ्या पावसात डोंगर खाली आला. गोठा गेला, दोन गाई गेल्या, नि गाईंपाशी निजलेला एक गडी गेला. बुडखा मेलेला दिसतो पोरी, पण त्यानं मातीला धरलेलं असतं. म्हणून म्हणतात, खालचं डोंगराचं. उगाच नाही म्हणत."

धाकटीनं तो ओरखडा बघितला. म्हातारा खोटं बोलत नव्हता. तिनं हात जोडले नि घरी आली. पण कातारी घरातली लेक ती. बुडखा बघितला की तिचा हात आपोआप त्याच्यावरून फिरायचा. शेळ्यांमागं हिंडता हिंडता घरामागचा एकेक बुडखा तिच्या ओळखीचा झाला. कुठला कुठल्या दगडाशेजारी, कुठल्यापासून कुठला किती पावलांवर, सगळं तिच्या पायांना पाठ होतं.

मग तो हिवाळा आला. बर्फ असा पडला की आकाश फाटून कापूस सांडतोय. संक्रांत झाली नि दुसऱ्या धारेवरचा बर्फाचा कडा कोसळला. दैव बलवत्तर, माणसं त्या दिवशी घरी होती. पण वाट बुजली. रानात जायचं नाव नको.

अंगणात सरपणाची रास होती. सासू रोज काठीनं तिची उंची मोजायची नि काठीवर नखानं खूण करायची. एके सकाळी तिनं ती काठी सगळ्यांसमोर ठेवली.

"आठ दिवसांचं आहे. फार ओढलं तर दहा," ती म्हणाली. "नि पुनव अजून महिनाभर लांब."

कढईखाली आग घालायचं काम धाकट्या मुलाचं. गुऱ्हाळावर अशा माणसाला चुलव्या म्हणतात, तसं घरातले त्याला हाक मारताना चुलव्याच म्हणत. तो चुलाणापाशी बसूनच म्हणाला, "मी एकेक फोड मागं ठेवून बघितली. आग मंदावली की पाणी आटत नाही, नुसतं कोमट होतं. त्यात लाकूड उलट जास्त जातं."

त्यांचा एक शेजारी होता, वरच्या आळीचा. झऱ्यावर त्याचा डोळा. तो रोज सकाळी फेरफटका मारत यायचा नि कुंपणापाशी थांबायचा.

"काय हो, धूर जरा बारीक झालाय," तो म्हणायचा.

"तुमची नजर बारीक झाली असेल," थोरली आतून म्हणायची.

"तसं असेल बाई. पण पुनवेपर्यंत टिकवायची आहे मला, बघायचंय ना."

तो गेला की घरात कुणाला घास जात नसे. झरा गेला तर कढई काय कामाची? नि कढई गेली तर त्या डोंगरात दुसरं पिकतं काय? माणसांना खाली उतरून कुणाच्या तरी दारात राबावं लागलं असतं.

पाचव्या दिवशी थोरला मुलगा म्हणाला, "बाबा, सात देवदार तोडूया. पुनवेपर्यंत निभेल."

"नि पुढच्या वर्षी?" म्हातारा म्हणाला.

"पुढच्या वर्षीचं पुढच्या वर्षी. झरा बुजला तर निदान आपल्याकडं असताना बुजेल."

म्हाताऱ्यानं काठी भिंतीला टेकवली. मग म्हणाला, "कुऱ्हाडींना धार लावा."

हे शब्द बोलताना त्याचा आवाज असा झाला की सासूनं तोंड फिरवलं. धाकटी दाराशी उभी होती. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात सुनेनं पडायचं नाही, ही त्या घरातली शिस्त. पण ती पुढं आली.

"मामंजी, एक विचारू?"

"विचार."

"चुलत आजोबांनी बुडखे खणून काढले होते, की जमिनीलगत कापले होते?"

"खणून. मुळासकट. त्यांना नांगर घालायचा होता."

"म्हणजे डोंगराला मुळं हवी होती."

"हो."

"मग मुळांच्या वरचं छातीएवढं लाकूड कुणी मागितलं?"

थोरला जरा चिडून म्हणाला, "कुणी मागायला कशाला पाहिजे? आम्ही बर्फावर उभे राहून कापतो. खाली जेवढं बर्फात असतं तेवढं राहतं."

"तेच म्हणते, भाऊजी. ते डोंगरानं नाही ठेवून घेतलं. ते बर्फानं झाकलं होतं म्हणून राहिलं."

सासू इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. "म्हणजे तीन पिढ्या तुम्हा बाप्यांची कंबर वाकत नव्हती, नि नाव डोंगराचं."

म्हाताऱ्याला हसू आलं नाही. तो उठला, खिडकीतून उताराकडं बघत उभा राहिला. वाडवडलांचा शब्द मोडायचा म्हणजे काय, हे त्याचं त्याला ठाऊक. शेवटी तो म्हणाला, "मुळाला धक्का लागता कामा नये. जमिनीवर वीतभर सोडायचं. त्याच्या खाली कुणाची करवत गेली तर मी हे घर सोडून जाईन."

"वीतभर सोडू," धाकटी म्हणाली.

उतारावर गेले तर नुसता पांढरा डोंगर. थोरला म्हणाला, "आता शोधा." धाकटीनं हातात लांब काठी घेतली. घराच्या कोपऱ्यापासून पावलं टाकत गेली, एका जागी थांबली, काठी बर्फात खुपसली. ठक्क. पुढं गेली, वळली, पुन्हा खुपसली. ठक्क. काठी एकदाही वाया गेली नाही. पंधरा जागी खुणा करून ती थांबली तेव्हा थोरल्यानं फावडं उचललं.

बर्फ बाजूला सारला. बुडखा वर आला, काळा, कुजका, बुरशी आलेला.

"हे? हे तर शेणासारखं आहे," थोरला म्हणाला. त्यानं कुऱ्हाड घातली. कुऱ्हाड भुग्यात शिरली, भसकन आत गेली, नि मग असा दणका बसला की त्याचे दोन्ही हात झिणझिणले. भुगा गळून पडला. आत लाल लाकूड, जणू आत्ताच झाड पाडलंय. साठ वर्षं पावसात, बर्फात उभं होतं, त्याला काही झालं नव्हतं. वास सगळ्या उतारावर पसरला. थोरला वाकला नि त्यानं त्या लाकडावरून हात फिरवला.

करवत लावली तर राळेत रुतून बसली. दोघे ओढतायत, हलत नाही. धाकटी घरी जाऊन मेंढीची चरबी घेऊन आली नि दोन्ही बाजूंनी पात्याला चोळली. "आमच्याकडं असंच करतात," ती म्हणाली. करवत चालायला लागली. गुडघे टेकून, बर्फाच्या खड्ड्यात उतरून, कंबर मोडेपर्यंत वाकून ते कापत होते. म्हातारा वर काठावर बसून वीत मोजून दाखवत होता.

पहिल्या फोडी चुलाणात घातल्या आणि नवीच तऱ्हा झाली. आग अशी उसळली की कढईतलं पाणी उतू जाऊन अर्ध्या अंगणात मीठ सांडलं. काळाकुट्ट धूर सरळ आभाळात गेला. चुलव्या चार पावलं मागं सरला. त्याच्या भुवया जळाल्या होत्या.

"हे लाकूड नाही," तो म्हणाला, "हे तूप आहे. कुणी तूप नुसतं खातं का?"

मग त्यानंच युक्ती काढली. बुडख्याची एक फोड नि त्याच्या जोडीला बर्फाखाली दबलेल्या झुडपांच्या ओल्या फांद्यांच्या चार फोडी. एरवी त्या फांद्या धूर करतात म्हणून कुणी आणत नसे. आता त्याही धडधड पेटल्या. जो बुडखा एका दिवसाचा वाटला होता तो चार दिवस पुरला.

काळा धूर बघून शेजारी धावत आला. त्याला वाटलं, घराला आग लागली. खरं म्हणजे तो विझवायला आला होता, हातात बादली होती. माणूस हावरा असला तरी अगदीच वाईट नव्हता.

"काय जाळताय काय?" तो धापा टाकत म्हणाला.

"आजोबांनी वाया घालवलेलं," थोरली म्हणाली. "आता आलाच आहात तर बादली ठेवा नि फावडं घ्या."

शेजाऱ्यानं बुडख्याचा तो लाल गाभा हातात घेतला. वास घेतला. जोखून बघितला. त्याच्याही घरामागं असे शंभर बुडखे होते, नि तो इतकी वर्षं सरपणाला दोन धारा ओलांडून जात होता. संध्याकाळपर्यंत त्यानं बर्फ उपसला आणि जाताना धाकटीला म्हणाला, "पोरी, करवतीला चरबी किती लावायची ते एकदा सांग."

होळीची पुनव आली तेव्हा चुलाण धडधडत होतं. पंच आले, त्यांनी आग बघितली, मिठाची रास बघितली, मग अंगणात उरलेल्या सरपणाकडं बघत राहिले. पुनवेला सरपण उरलंय असं त्या घरात आजवर कुणी बघितलं नव्हतं. आणि झऱ्याच्या डोक्यावर सातही देवदार उभे होते.

म्हाताऱ्याच्या मनात मात्र एक काटा राहिला होता. पावसाळाभर तो घोंगडी पांघरून ओसरीवर बसला नि उताराकडं बघत राहिला. ढग गडगडला की उठून उभा राहायचा. एक पावसाळा गेला, दुसरा गेला, तिसराही गेला. डोंगर ढळला नाही. जमिनीतल्या मुळांनी माती धरून ठेवली होती, एक वीतही सोडली नव्हती. तिसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी म्हाताऱ्यानं घोंगडी झटकून घडी केली. गावाला बोलावलं नि सांगितलं, आजपासून बोलणं बदला. वरचं चुलीचं, मुळं डोंगराची. आणि यापुढं झाड तोडायचं तर आधी फावडं, मग करवत. बर्फ उपसून, वाकून, जमिनीलगत.

बारा वर्षं त्या गावानं हिरवं झाड तोडलं नाही. घरामागच्या उतारांवर एवढं सरपण पडून होतं. बारा वर्षं कुणाचा मुलगा, कुणाचा नवरा बर्फात दोन धारा ओलांडून गेला नाही. थोरली म्हणायची, "पूर्वी हिवाळाभर वाटेकडं डोळे लावून बसायचे. आता बाप्ये घरात इतके असतात की त्यांना जरा बाहेर काढा." रानाला उसंत मिळाली तसे पहिल्या धारेच्या अलीकडं देवदाराची रोपं उठली. आधी वीतभर, मग हातभर, मग अशी की त्यांच्यात शेळी शिरली तर सापडू नये.

धनगर मीठ न्यायला येत ते आता तेलकट काड्यांच्या जुड्याही मागून नेऊ लागले. खिंडीतल्या वाऱ्यात त्या विझत नाहीत म्हणून. कढईशेजारी दुसरी कढई आली. ती आली त्या दिवशी म्हाताऱ्यानं धाकटीला बोलावलं. नव्या चुलाणात पहिली फोड घालायचा मान त्या घरात नेहमी कर्त्या पुरुषाचा असे. म्हाताऱ्यानं फोड तिच्या हातात दिली.

"मामंजी, मी?"

"तूच. आम्ही नुसतं जाळत होतो गं. लाकूड बघितलं ते तू."

धाकटीनं फोड आत घातली. आग लागली, झऱ्याचं पाणी बुडबुडायला लागलं, दोन्ही कढया एकदम उकळल्या. दाराबाहेर, जिथून पणजोबांनी पहिला देवदार तोडला होता, तिथं धाकटीची लेक नव्या रोपांच्या सावलीत शेळ्यांना हाका मारत होती. त्या घरात पुढं कधी मिठाला तोटा पडला नाही, सरपणाला नाही, नि सावलीलाही नाही.

तात्पर्य: वाडवडलांच्या शब्दात शहाणपण किती नि न वाकणाऱ्या कमरेची सोय किती, हे जो नीट पारखतो, त्याला दूरचं रान तोडावं लागत नाही; त्याचं सरपण त्याच्या दाराशीच असतं.